चालकाशी बोलू नये

...आणि वर बायको मलाच म्हणते, "पाय जरा दुमडून घ्या की!" अहो, दुमडू कुठे? दुमडले तर गुडघा शेगडीच्या बटणाला लागतो, लांब केले तर अंगठा संडासाच्या दारात अडकतो, कुशीवर वळलो तर बनियन फ्रिजच्या कडीत गुंतून फ्रिज उघडतो आणि आतला दिवा थेट तोंडावर! तुम्हाला सांगतो, एकाच जागी झोपून माणूस स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बैठक अशा तिन्ही ठिकाणी हजर असतो, आणि याला म्हणायचं सुट्टी! कॅम्परव्हॅनमधली सुट्टी! मी काही बोललो नाही.

आता तुम्ही म्हणाल, का नाही बोललात? तोंड तर धड आहे. तेच सांगतो. मुळात मी बसचा ड्रायव्हर. शहराच्या बसचा. उभा जन्म एकच मार्ग... डेपो, बाजार, कोर्ट, इस्पितळ, तलाव, परत डेपो. परत बाजार, परत कोर्ट. घाण्याचा बैल तरी मध्ये झोपतो हो! निवृत्त झालो तेव्हा निरोपसमारंभात साहेबांनी विचारलं, "मग, आता पुढे काय करणार?" मी म्हटलं, "बसणार." सगळे खो खो हसले. मी विनोद केलेला नव्हता. मला खरंच बसायचं होतं. बाल्कनीत खुर्ची, हातात चहा, आणि समोरून दुसऱ्याने चालवलेली बस जाताना बघायची. संपलं! याच्या पलीकडे माणसाला काय लागतं?

बायकोला लागतं. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी ही समोर उभी. "चला." म्हटलं, "कुठे?" "कुठेही." म्हटलं, "अगं, उभा जन्म फिरलोय मी, आता कुठे जरा..." तर मला म्हणते कशी, "तुमचं फिरून झालं हो. माझं कुठं झालंय?"

तुम्हाला सांगतो, याला उत्तर नाही. मी शोधलं. कारण खरंच आहे ते. मी रोज गाव पालथं घालून घरी यायचो, ही म्हणायची, "जाऊ या का कुठे?" आणि मी म्हणायचो, "आत्ताच तर आलो." हिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं माहितीये? शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप. तेवढं बघून बाईचे केस पिकले. वाईट वाटतं हो मला, नाही असं नाही. पण वाईट खुर्चीत बसूनही वाटू शकतं ना?

नाही. हिने करार मांडला. कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायची, हवा मानवते का ते बघायला थोडं फिरून यायचं. जमलं, तर फ्लॅट भाड्याने द्यायचा, तीच घरगाडी विकत घ्यायची आणि वर्षभर, नीट ऐका, वर्षभर त्यात राहायचं! आणि नाही जमलं तर? "मी एकदा जरी 'चला घरी' म्हटलं, तर विषय संपला. परत काढणार नाही. तुमची खुर्ची तुम्हाला लखलाभ." म्हटलं, "आणि मी म्हटलं तर?" "तुम्ही तर पहिल्याच वळणावर म्हणाल. तुमचं धरायचं नाही." म्हणजे मतदान गुप्त, मतदार एक, आणि तो मी नव्हे. मग बोलून उपयोग काय? मी काही बोललो नाही.

पण मनात म्हटलं, घाबरायचं कारण नाही. देवावर माझा फारसा भार नाही, पण यंत्रावर आहे. यंत्र दगा देतंच. माझी बस तर दर सोमवारी द्यायची. काहीतरी मोडेल, गळेल, तुंबेल, हिच्या तोंडून ते दोन शब्द येतील आणि मी संध्याकाळच्या चहाला बाल्कनीत!

गाडीचा मालक... त्याला एवढी घाई की आम्हाला गाडी दाखवतोय की गळ्यात मारतोय कळेना! "हा खटका पाण्याचा, हा दिव्याचा, हा फिरवायच्या आधी तो फिरवायचा, आणि हा लाल, हा कधीच फिरवायचा नाही." म्हटलं, "मग ठेवलाय कशाला?" "लागतो ना कधीकधी!" घ्या! मग मागे नेलं, खालचं एक दार उघडलं आणि एक पेटी बाहेर ओढली. "ही संडासाची. भरली की न्यायची आणि रिकामी करायची." म्हटलं, "कोणी?" तो माझ्याकडे बघायला लागला. तुम्हाला सांगतो, त्या नजरेत बरंच काही होतं. मी हिच्याकडे पाहिलं. म्हटलं, आत्ता! आत्ता म्हणेल! तर ही पदर खोचून वाकून बघतेय, जसा काही सोनाराने हार बाहेर काढलाय. "अगं बाई, चाकं पण आहेत की हिला!"

निघालो. तर दुसरीच भानगड. आमच्या बसमध्ये माझ्या डोक्यावर पाटी असायची, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. आयुष्यात मला सगळ्यात जास्त सुख कुठल्या वस्तूने दिलं असेल तर त्या पाटीने! आणि इथे ही माझ्या शेजारी! "अहो ते बघा! अहो ते बघा ना, टेकडीवर मेंढ्या! अहो, गेल्या की मेंढ्या!" अगं, ड्रायव्हरने मेंढ्या बघायच्या का रस्ता? उभ्या जन्मात मी आरशांखेरीज बाजूला पाहिलेलं नाही. एकदा पाहिलं, हिच्या आग्रहाखातर... एका वळणावर. मागे आम्ही कपाटाची कडी लावायला विसरलो होतो. अंडी! सगळीच्या सगळी! आणि नुसती पडली नाहीत हो, पडून, फुटून, चढावर मागे गेली आणि उतारावर पुढे आली. म्हटलं, झालं! आता म्हणेल. मी गाडी बाजूला घेतली, सावकाश मागे वळलो, चेहरा जमेल तेवढा दुःखी केला. ही हसतेय! "अहो, आता फरशी पुसताना निदान बाहेर काहीतरी बघायला आहे!" मी काही बोललो नाही.

पहिला मुक्काम. कॅम्पसाइट म्हणजे काय, तर एक मोठं मैदान, त्यात आखलेल्या जागा, प्रत्येक जागेला विजेचा एक खांब, मध्ये सामाईक नळ आणि न्हाणीघरं. आपल्या इमारतीत जे सगळं बंद दाराआड चालतं तेच इथे उघड्यावर. शेजारी एक गृहस्थ आधीच मुक्काम ठोकून होते. गाडी लावतोय न लावतोय तोच ते हातात पाणसळ घेऊन हजर! पाणसळ हो, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात ती. आमच्या फरशीवर ठेवली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "डावीकडे कललाय तुम्ही." मी मनात म्हटलं, कललेलं बरं! रात्रभर घरंगळेल, कंटाळेल. तोंडाने म्हटलं, "राहू दे हो, आम्हाला चालतं." त्या बिचाऱ्यांचा चेहरा असा पडला, जसं मी जेवण नाकारलं.

सकाळी उठलो तर काय! बटाटे, चपला, किटली, ही आणि मी, असे सगळे डाव्या कोपऱ्यात. माझ्या कानात हिची बांगडी, पाठीला बटाटा. मी श्वास रोखून वाट बघतोय. आणि ही डोळे न उघडता म्हणते, "कित्येक वर्षांनी इतक्या जवळ झोपलो, नाही?" आता यावर नवऱ्याने काय म्हणावं? पाठीत बटाटा आहे म्हणावं? मी काही बोललो नाही.

मग म्हटलं, पेटी! हुकमाचा एक्का! "आज तू ने, माझी कंबर धरलीये." गेली ना! पेटी ओढत, खडखड खडखड, मैदान पार करून गेली. मी खुर्ची टाकून बसलो. बराच वेळ झाला. चांगलं लक्षण! आली ती गालात हसत. "अहो, तिकडच्या रांगेत एक बाई भेटल्या. त्यांनी त्यांच्या सुनेचं सगळं सांगितलं!" म्हटलं, "रांगेत?" "हो! आणि म्हणाल्या, उद्या याच वेळेला या, नणंदेचं राहिलंय!" आता मला सांगा, रिकामी करायला गेलेली बाई मन भरून परत येते... नशीब यालाच म्हणतात ना?

पण खरा घोळ त्यानंतर. आणि तो माझ्याकडून. डेपोची एक सवय असते, सकाळी इंजिन चालू करून जरा गरम होऊ द्यायचं. बसलो होतो स्टेअरिंगवर, इंजिन घुरघुरतंय, डोळे अर्धे मिटलेले. बाहेर ही गाडीच्या बाजूचं कापडी छप्पर पसरून त्याखाली टेबलावर ऑम्लेट करतेय. विजेची वायर खांबाला लावलेली. आणि मागून एक पाववाला सायकलवरून आला. रोज यायचा म्हणे. त्याने घंटी वाजवली. टण टण.

झालं! तुम्हाला सांगतो, मी काही केलं नाही. पायाने केलं. उभा जन्म त्या पायाला एवढंच शिकवलंय हो... एक टण म्हणजे थांब, दोन टण म्हणजे चल! आरशात बघून, हात दाखवून, अगदी नियमाप्रमाणे मी गाडी काढली. छपरासकट! हिच्या डोक्यावरून छप्पर गेलं, वायर ताणली, खांब वाकला आणि फट्! आमच्या अख्ख्या रांगेची वीज गेली. हिचा आवाज आला, "अहो, ऑम्लेट राहिलं!" म्हणजे नवरा गेला ते चालेल!

मी खाली उतरलो. रांगेतल्या सगळ्या गाड्यांची दारं उघडली, सगळे बाहेर. कुणाचा चहा अर्धवट, कुणाची अर्धी दाढी. पाणसळवाले वाकलेल्या खांबाला पाणसळ लावून बघतायत! म्हटलं, आता ही शरमेने जमिनीत जाईल, आता तरी म्हणेल... तर ही पुढे झाली आणि सगळ्यांना सांगतेय, "ड्रायव्हर आहेत हो ते. घंटी ऐकली की निघतात." कौतुकाने! जसं पोराने पहिलं पाऊल टाकलं! आणि लोक? लोक हसले. कॅम्पवाला वायरमन आणेपर्यंत बाकीच्यांच्या विजेच्या शेगड्या बंद, म्हणून मैदानात एक मोठी चूल पेटवली, प्रत्येकाने घरचं काही ना काही आणलं, आणि ही मधोमध बसून अख्ख्या रांगेला ऑम्लेटं घालतेय. अंड्यांचा तिला एवढा राग असायला हवा होता, पण नाही! जाता येता लोक माझ्याकडे बघून तोंडाने टण टण करायचे. मी काही बोललो नाही.

आणि मग... थांब्याचं. ते सांगू की नको असं होतंय, पण आता एवढं सांगितलंय तर...

आम्ही एका गावातून चाललो होतो. रस्त्याच्या कडेला बसथांबा. थांब्यावर एक आजी, हातात डबा आणि पिशवी. आजींनी हात केला. आता तुम्हीच सांगा, थांब्यावर माणूस उभा आहे, त्याने हात केलाय, मी काय करणार? हात केला तरी थांबला नाही अशी एक तक्रार माझ्या नावावर नाही! इंडिकेटर दिला, कडेला घेतली, अगदी पायरी आजींच्या पावलासमोर येईल अशी उभी केली. आजी चढल्या. बाजूचं दार सरकवून सरळ आत! "इस्पितळ ना?" मी म्हटलं, "हो." तोंडातून गेलं हो! प्रत्येक मार्गावर इस्पितळ असतंच!

मागे ही कांदा चिरत बसलेली. आजींनी टॉवेलच्या दांडीला धरलं, पलंगाच्या कडेवर टेकल्या, शेगडीकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरीच सुधारणा केली की हो बसमध्ये!"

ही काय म्हणाली असेल? "अहो, थांबवा, कोण या?" असं कुठलीही शहाणी बाई म्हणेल ना? ही म्हणाली, "चहा घेणार, आजी?"

इस्पितळापर्यंत मला मागची सगळी हकीकत ऐकू आली. आजोबा आत होते. दोन्ही वेळा आजी घरून डबा न्यायच्या. इस्पितळातलं त्यांना घशाखाली उतरत नव्हतं. "पण बसचा काही नेम नाही बाई. कधी येते, कधी येतच नाही. डबा पार थंड होऊन जातो, आणि हे मग खातच नाहीत." मला हे ऐकून कसंतरी झालं. खोटं कशाला बोलू? उभ्या जन्मात किती डबे असे माझ्या बसमध्ये मांडीवर बसून गेले असतील, मी कधी विचारच केला नव्हता. पाटी होती ना डोक्यावर.

उतरताना आजींनी काचेवर टकटक केलं. "उद्या सकाळी याच वेळेला ना?"

आणि मी म्हटलं, "याच वेळेला." अहो, हा प्रश्न मला रोज विचारायचे! याचं दुसरं उत्तरच माझ्याकडे नाही!

ही शेजारी येऊन बसली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तुम्हाला काम करताना मी कधी पाहिलंच नव्हतं." एवढंच. मेंढ्या दिसल्या तरी काही म्हणाली नाही.

त्या मुक्कामी... आता नीट ऐका, इथेच सगळा घात आहे. त्या मुक्कामी आम्ही छताची खिडकी उघडी ठेवून झोपलो. वारा यावा म्हणून. आणि त्या कॅम्पवाल्याला हिरवळीचा भारी शौक. पहाटे त्याचे पाण्याचे फवारे आपोआप सुरू व्हायचे. गोल गोल. एक फेरी हिरवळीवर, एक फेरी आमच्या खिडकीतून थेट गादीवर! गादी भिजली, उश्या भिजल्या, हिची साडी भिजली, कोरडी म्हणून दुसरी काढली तर ती फवाऱ्याच्या पुढच्या फेरीत भिजली. काड्यापेटी भिजली, म्हणजे चहा नाही. माझ्या चपला त्या डाव्या कोपऱ्यात तरंगत होत्या. ही खुर्चीवर पाय वर घेऊन बसली, लागोपाठ शिंकली, केसातून पाणी गळतंय, नाक लाल, आणि माझ्याकडे न बघता... हळूच... म्हणाली,

"अहो... चला घरी."

म्हणाली! तुम्हाला सांगतो, म्हणाली! स्पष्ट, दोन शब्द, मी माझ्या कानांनी ऐकले! विषय संपला! बाल्कनी! खुर्ची! चहा! मी एका उडीत स्टेअरिंगवर. किल्ली फिरवली. वायर काढली होती, छप्पर गुंडाळलं होतं, कड्या लावल्या होत्या. मैदानाच्या फाटकाशी आलो. डावीकडे वळलं की घर. उजवीकडे ते गाव. डावीकडचा इंडिकेटर दिला.

आणि मी घड्याळाकडे पाहिलं. का पाहिलं? ड्रायव्हर बघतो हो! सवय!

म्हटलं, "अगं, पण आजी?"

"कोण आजी?"

"थांब्यावर उभ्या असतील. डबा घेऊन."

ही शिंकली. म्हणाली, "असू दे. बस येईल ना त्यांची."

आणि तुम्हाला सांगतो, अख्ख्या प्रवासात मी तोंड उघडलं नव्हतं. अंडी फुटली तेव्हा नाही, बटाटा टोचला तेव्हा नाही. आणि तेव्हा, नेमकं तेव्हा, मी बोललो! म्हटलं, "बस येत असती तर त्या आपल्या गाडीत चढल्या असत्या का? मी त्यांना याच वेळेला म्हटलंय. डबा थंड होईल. घरी काय, जाता येईल नंतर!"

जाता येईल नंतर! हे कोण म्हणालं? मी!

हिने माझ्याकडे पाहिलं, पदराने नाक पुसलं, आणि उजवीकडे बोट दाखवलं. गेलो. आजी उभ्या होत्या. आज शेजारीण पण होती बरोबर, तिला बाजारात जायचं होतं. ही उठली, दार सरकवलं, दोघींना हात देऊन वर घेतलं, ओली गादी उलटी करून बसवलं, आणि गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. "जाऊ द्या!" अशा आवाजात, की माझा जुना कंडक्टर ऐकून हेवा करेल. आणि मी गाडी काढली, आणि आरशात मला ही दिसली, ओल्या केसांची, त्या दोघींशी बोलताना... आणि मीही कदाचित हसलो असेन. कदाचित. आरशात माझा चेहरा दिसत नाही. पण तिला दिसला.

आजोबांना घरी सोडेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. दोन्ही वेळेला. आजोबांना घरी कोणी नेलं, हे विचारू नका. मग एका दुपारी मी विषय काढला. म्हटलं, "आपला करार... तू म्हणाली होतीस हं. चला घरी. मी ऐकलंय."

"म्हटलं होतं की."

"मग विषय संपला ना?"

"अहो, संपला असता. पण तुम्हीच नको म्हणालात!"

आता काय बोलणार? उभ्या जन्मात ड्रायव्हरने एकदा तोंड उघडलं आणि स्वतःच्याच खुर्चीवर गाडी घातली! ती पाटी उगाच नव्हती लावलेली हो. आम्हाला वाटायचं प्रवाशांसाठी आहे.

तर फ्लॅट दिला भाड्याने. नवीन जोडपं आहे, चांगलं आहे, बाल्कनी फार आवडली त्यांना. घरगाडी विकत घेतली. परवा आम्ही राहिलेलं थोडं सामान न्यायला आलो. म्हटलं आपल्याच इमारतीखाली, सावलीला लावू गाडी, दोन दिवस राहू, मग निघू. लावली. चहा ठेवला. तेवढ्यात काचेवर टकटक. आमचा वॉचमन! किती वर्षांचा ओळखीचा, माझ्या हातचा चहा प्यालेला माणूस.

"काका... गाडी बाहेर घ्यावी लागेल. पाहुण्यांच्या गाड्या आत लावायच्या नाहीत."

म्हटलं, "अरे, पाहुणा? मी? ओळखलं नाहीस का मला?"

"ओळखलं की! पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा नियम तुम्हीच केलात ना? वर मला बाजूला घेऊन सांगितलंत, कितीही ओळखीचा असला, कितीही बोलला, तरी ऐकायचं नाही."

मी काही बोललो नाही. गाडी काढली.